बरफ पडन तवा

प्रिय रोशन,

आधीच सांगते, इकडे सगळे खुशाल आहेत. तुझी आई, आमची इंदुकाकू, ठणठणीत आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि तळ्याच्या पाळीवरून माझ्यापेक्षा भरभर चालते. पाकीट पाहून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून हे पहिल्याच ओळीत. आता निवांत बस. तिकडे निवांत बसता येतं की नाही, कोण जाणे. इंदुकाकू सांगतात, तू द्रासच्या पुढे घाटात बर्फ हटवायची मशीन चालवतोस. पहाटे रस्ता मोकळा करतोस आणि दुपारपर्यंत तो परत बुजतो. हे ऐकलं त्या दिवशी मला आधी हसू आलं, मग राग आला. तू तिथे दिवसभर बर्फ बाजूला सारतोस आणि मला इथे सावली तालुक्यात मूठभर मिळेना.

औंदा तर थंडी आलीच नाही. पौष महिन्यात पंखा लावून झोपलो आम्ही. आईने गोधड्या उन्हात घातल्या आणि तशाच घडी करून परत पेटीत टाकल्या. उन्हाळ्यात टीव्हीवर आपल्या चंद्रपूरचं नाव येतं, देशात आज सगळ्यात तापलेलं शहर म्हणून, तेव्हा नागपूरची माझी मैत्रीण फोन करून विचारते, तुम्ही तिथे राहता तरी कसे? आम्ही कसे राहतो ते मी तिला सांगते, पण मी इथे राहून बर्फाची वाट पाहते हे सांगत नाही. शाळेत पहिलीच्या पुस्तकात बर्फाचा माणूस आहे, गाजराचं नाक लावलेला. मी तो फळ्यावर काढला तर एका पोरीने विचारलं, 'मॅडम, हा मेला का?' मी म्हटलं, नाही गं, त्याला आपल्याकडे यायला वेळ लागतोय.

मंडईच्या दिवशी नेमकं काय झालं, हे मी तुला कधी सांगितलंच नाही. तुझ्याकडे तुझ्या मुखरूमामांनी सांगितलेली गोष्ट आहे, आणि मामा कुठलीही गोष्ट दोन पावशेर वाढवून सांगतात. तेव्हा माझी ऐक. आमच्या सपरीत, पुढच्या पडवीत, पाहुणे बसले होते. वरोऱ्याची आत्या, कुरखेड्याचे मामा, सगळे दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आलेले. चिवड्याच्या बश्या फिरत होत्या. मुखरूमामांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, 'वारलूभाऊ, आमचा रोशन कामाचा पोट्टा हाय. तुमची दिव्यानी आमच्या घरी द्या.' फिरणाऱ्या बश्या हातातच राहिल्या. आम्ही शेतकरी, तुम्ही ढिवर. तुमच्या जाळ्यातली मासळी आणि आमच्या बांधीतला तांदूळ एकमेकांच्या चुलीवर किती पिढ्या शिजला असेल, पण सोयरिकीचं कोणी तोंडातून काढलं नव्हतं. आत्या बाबांकडे डोळे वटारून पाहत होती. बाबांना नाही म्हणायचं होतं आणि मामांना दुखवायचंही नव्हतं. मग ते हसले. म्हणाले, 'देतो ना. आपल्या गावात बरफ पडन तवा देतो.' अख्खी सपरी खदखदून हसली. मामाही हसले, बिचारे दुसरं काय करणार? जातीचं नाव कोणी घेतलं नाही. मी आत चहा गाळत होते. चहा कपात किती आणि ओट्यावर किती, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू जे केलंस ते अजून गावात सांगतात. मासळीसाठी गडचिरोलीहून बर्फाची लादी आणायचं काम तुझंच होतं, पोत्यात, धानाच्या कोंड्यात गुंडाळलेली. आमच्या दारात मोटरसायकल लावलीस, लादी खांद्यावर घेतलीस आणि पाहुणे दात घासत असताना भर अंगणात सोडून दिलीस. धप्प! 'काका, पडला ना बरफ? सगळ्याईनं पाह्यला ना?' आपल्या भाषेचीच ही खोड. लादीलाही बर्फ म्हणायचं आणि तुझ्या घाटात पडतो त्यालाही बर्फच. आत्या हसली, कुरखेड्याचे मामा हसले, कोंबड्या लादीला चोच मारून पाहायला लागल्या. मलाही हसू आवरेना, खोटं कशाला बोलू? पण बाबांचा चेहरा मी पाहिला होता. आदल्या दिवशी त्यांनी मुखरूमामांना हसून गप्प केलं होतं, आता सारं गाव त्यांना हसत होतं. तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाला! ते म्हणाले, 'आभाळातून पडला पाह्यजे, पोट्ट्या. मोटरसायकलवरून नाई.' तू एवढी घाई केली नसतीस तर दोन-चार महिन्यांत मी त्यांना वळवलं असतं. तुझं डोकं गरम आणि हातात बर्फ. लादी दुपारपर्यंत अंगणात पाझरत राहिली. वाया जाऊ नये म्हणून आईने तिच्यावर पिण्याच्या पाण्याचा पितळी गुंड ठेवून दिला.

मग तू पळून जाऊ म्हणालास आणि मी नाही म्हणाले. ते नाही मी आजही म्हणेन. मला बाबांच्या घराच्या पुढच्या दारातून निघायचं होतं, मागच्या वाडीतून नाही. कालव्याच्या कामावर मशीन चालवायला तू शिकलाच होतास, उत्तरेतल्या रस्त्यांवर माणसं हवीत असं कोणीतरी सांगितलं आणि तू गेलास. सावलीच्या बसस्टँडवर म्हणालास, 'तुह्या बापाले बरफच पाह्यजे ना? मी जातो जिथी पडते तिथी. पाहतो, इकडं धाडता येते का तं.' तेव्हा मला ती थट्टा वाटली. आठ हिवाळे झाले त्याला.

या आठ हिवाळ्यांत मी काय केलं सांगू? दर कार्तिकात आभाळाकडे पाहिलं. नदीवरून धुकं चढलं की मला वाटायचं, आता आणखी थोडं, आणखी थोडं गार झालं की झालंच. भूगोल मलाही कळतो रे, मी शिकवते तो. तरी वाटायचं. आमच्याकडे फ्रीज आला तेव्हा वरच्या कप्प्याच्या भिंतीला पांढरं भुरभुरीत साचतं ते मी चमच्याने खरवडून तळहातावर घ्यायची. हात बधिर व्हायचा आणि मला बरं वाटायचं. आईने एकदा पाहिलं. रात्री जेवताना बाबांना म्हणाली, 'तुमच्या तोंडाले त्या दिवशी थंडी भरली असती तं बरं झालं असतं.' बाबा खाली मान घालून जेवत राहिले.

आणि पाहुणे. मला पाहायला माणसं येतच होती. मी नाही म्हणायच्या आधी बाबाच नाही म्हणायला लागले, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. एकाचे कान मोठे. एकाचा भाऊ चिडका. एक बल्लारपूरचा होता, चांगला शिकलेला, माणसंही साधी. त्याला बाबांनी कशासाठी नाकारलं माहीत आहे? म्हणाले, 'तिथी लई गरमी होते.' आई पदराआड हसली. मला मात्र त्या दिवशी बाबांकडे नीट पाहावंसं वाटलं. ते सपरीत बसून सुंभ वळत होते, आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण मला तिथेच आठवली. पीळ होता, पण तो आता त्यांनाच काचत होता.

तू तीन वर्षांपूर्वी फोनवर म्हणालास, 'आता तू लग्न करून घे, दिव्यानी. काऊन थांबून राह्यली?' मी फोन ठेवला. नंतर तू लावलास तो मी उचलला नाही, मग मी लावला तो लागला नाही, आणि असं करत करत आपण बोलायचेच थांबलो. तुझी बातमी मी तळ्यावरून आणते. मासळी घ्यायच्या निमित्ताने जाते आणि काकूंना इकडचं तिकडचं विचारत बसते. त्या सगळं ओळखतात. गेल्या महिन्यात मी अगदी सहज विचारलं, की रोशनच्या लग्नाचं कुठे पाहताय का? तर म्हणाल्या, 'त्याच्याशी लग्नाचं बोललं का त्याची रेंजच जाते, बाई.' त्या दिवशी मी पावभर जास्त झिंगे घेतले.

आता बाबांचं सांगते. मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. टीव्हीवर काश्मीरमधला बर्फ दाखवत होते. बाबा पाट ओढून अगदी पुढे जाऊन बसले. विचारतात, 'कापसावानीच पडते का हे? अंगावर पडला तं लागते का?' मी म्हटलं, नाही लागत बाबा, हलका असतो. थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, 'तो पोट्टा तिथीच हाय का अजून?' मी हो म्हटलं. 'घालाले काही गरम हाय का त्याच्यापाशी?' मी म्हटलं, असेल. मग बातम्या बदलल्या आणि ते उठून गुरांकडे गेले. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही, पण इतक्या वर्षांत एवढंही विचारलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी, जानेवारीत, दोन दिवस खरी थंडी पडली होती. पहाटे बाबांनी मला हलवून उठवलं. 'बाई, ऊठ. तणशीवर पांढरं दिसून राह्यलं.' मी शाल ओढून त्यांच्या मागे वाडीत गेले. नुकतं फटफटत होतं. धानाच्या तणशीच्या ढिगावर खरंच पांढरं होतं, वरपासून खालपर्यंत, बारीक बारीक. आम्ही दोघं उभे राहिलो. बाबांनी बोट फिरवलं. बोट ओलं झालं. त्यांनी ते परत फिरवलं, दुसरीकडे, खालच्या अंगाला, जिथे जास्त गार असेल तिथे. मग म्हणाले, 'पानीच हाय.' दहिवर होतं, रोशन, साधं दहिवर. बाबा तिथेच ढिगाला टेकून बसले आणि कितीतरी वेळ बोट धोतराला पुसत राहिले. तेव्हा मला कळलं की आमच्या घरात बर्फाची वाट पाहणारी मी एकटी नाही.

तू म्हणशील, मग सरळ हो का नाही म्हणाले? तू ओळखतोस त्यांना. बांधाचं भांडण असो की तळ्याच्या पाण्याचं, गाव त्यांच्याकडे येतं ते एवढ्यासाठीच, की वारलूभाऊ बोलले ते बोलले. भर मंडईत, पाहुण्यांसमोर दिलेला शब्द. तो मोडला तर उद्या कोण ऐकणार? मी एकदा चिडून म्हटलं होतं, बाबा, तो शब्द नव्हता, ती थट्टा होती. ते म्हणाले, 'थट्टा बी तोंडातूनच निघते, बाई.' त्यांनी स्वतःच दाराला कडी घातली होती आणि आता आत बसून कोणी बाहेरून उघडेल का म्हणून पाहत होते. वाईट मला त्यांचंही वाटायचं, पण खरं सांगते, जास्त माझंच वाटायचं. चाळिशी लागेल आणि मी तशीच आभाळाकडे पाहत असेन, या विचाराने मी कितीदा रडले आहे.

गेल्या गुरुवारी सकाळपासून उकडत होतं, एप्रिलसारखं. दुपारी वैनगंगेकडून काळं आभाळ उठलं आणि असा गार वारा सुटला की शाळेची पाटी पडली. मी घरी पोचले आणि टिनावर ताडताड सुरू झालं. आधी हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. आई गुरं आत घ्यायला धावली, मी तिच्या मागे. टिनाच्या आवाजात आम्हाला एकमेकींचं बोलणं ऐकू येत नव्हतं. बाबा शेतात होते. गारा थांबल्या तेव्हा अंगण पांढरं होतं, तणस पांढरी होती, घरावरच्या कवेलूंच्या खाचा पांढऱ्या होत्या. तोंडातून वाफ निघत होती माझ्या. आपल्या गावात, फेब्रुवारीत, भर दुपारी! आणि बाबा आले. डोक्यावर घमेलं, एका कानामागे रक्त, आणि दुपट्ट्याचा ओचा करून दोन्ही हातांनी धरलेला. आईने विचारलं, शेतातली लाखोळी? ते म्हणाले, 'झोपली. हरभरा बी झोपला.' आई मटकन खाली बसली. घाटे भरले होते रे, आठवड्यात काढणार होतो. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दुपट्टा माझ्यापुढे सपरीत उघडला आणि म्हणाले, 'बाई, हा आभाळातून पडला ना?'

माझं डोकं बघ. मी म्हटलं, बाबा, गारा आहेत ह्या. ते एवढे चिडले! 'गार म्हंजे काय? गोठला पानी. अन् बरफ म्हंजे काय? तू मास्तरीन हायस ना, सांग!' माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आई उठली, तिने पदराने त्यांच्या कानामागचं रक्त पुसलं आणि म्हणाली, 'बरफच हाय. वितळाच्या आधी जा.'

ते तसेच निघाले. ओचा धरून, पारावरून, साऱ्या गावादेखत. पारावर माणसं उभी होती, सगळ्यांचंच पीक झोपलेलं. बाबा थांबले. 'म्या म्हटलं होतं, आपल्या गावात बरफ पडन तवा देईन. पडला. आभाळातून पडला. सगळ्याईनं पाह्यला.' मुखरूमामा तिथेच होते. त्यांना राहवेना, म्हणाले, 'वारलूभाऊ, हे तं गार हाय.' बाबा म्हणाले, 'तुमच्यासाठी गार असन.' या खेपेला कोणी हसलं नाही. मग ते तुमच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचा उंबरा ओलांडला आणि काकूंना म्हणाले, 'इंदुबाई, हे ठेवा.' काकूंनी मासळीची थर्माकोलची पेटी रिकामी केली, तळाला कोंडा टाकला, गारा ओतल्या, वरून कोंडा टाकला आणि झाकण लावून वर पाटा ठेवला. हा बर्फ साक्षीला हवा, असं काकू म्हणतात. कोणी हात लावला तर अंगावर येतात. शनिवारी तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा बाबा त्यांच्या मागे लागले, 'गारपीट नका लिवू, बरफ लिवा.' तलाठी हसले, त्यांनी गारपीटच लिहिलं. आईने मात्र त्यांना चहासोबत सगळी गोष्ट सांगितली.

मी फोन करणार होते. बाबा नको म्हणाले. 'फोनवर कोनीबी काईबी सांगते. तोंडचा शब्द एवढी वर्सं पुरला, आता लेखी दे त्याले.' म्हणून हे पत्र. पण त्यांचं त्यांनी दिलं, माझं मी देते. रोशन, मला तू हवा आहेस. लग्न करून घे म्हणालास ना, तर करते, पण ते तुझ्याशीच. तुझ्या मनात आता दुसरं काही असेल तर स्पष्ट लिही, मी ते वाचू शकेन. नसेल तर ये. काकू म्हणतात, वरचा घाट एप्रिलशिवाय उघडत नाही. पेटीतल्या गारा तोवर टिकणार नाहीत, काल झाकण उचलून पाहिलं तर निम्म्या उरल्या होत्या. इतकी वर्षं इथे बर्फ पडावा म्हणून मी आभाळाकडे पाहिलं, आता तिकडचा वितळावा म्हणून पाहते आहे. मशीन जरा जोरात चालव.

पुढच्या दारात उभी असलेली,
तुझीच
दिव्यानी

रोशन बेटा, बरफ पडला. म्या सोता हातात घेऊन पाह्यला. ये.
वारलू